नापास सर

आमचे सर त्या परीक्षेत चार वेळा नापास झाले होते आणि ते चारही निकाल त्यांनी भिंतीवर लावले होते. इतर क्लासवाले जिथे पास झालेल्या विद्यार्थ्यांचे हसरे फोटो लावतात, तिथे, मशिनींच्या रॅकच्या बरोबर वर, चार खिळ्यांवर चार कागद. ओल लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले. जो माणूस स्वतःचं अपयश इतक्या निगुतीने जपतो, त्याच्याकडे शिकायला जाणारा एक तर भोळा असतो, नाहीतर अडलेला. मी अडलेला होतो. भोळे आमच्या बॅचमध्ये दुसरे दोघे होते.

तोंडावर आम्ही त्यांना 'सर' म्हणायचो आणि पाठीमागे 'नापास सर'. हे नाव कुणी पाडलं ठाऊक नाही, पण मी गेलो तेव्हा ते चांगलं रुळलेलं होतं. मला वाटतं त्यांनाही ते माहीत असावं. त्यांना राग येत नसे. त्यांना राग फक्त तार न बघता कीबोर्डला हात लावणाऱ्या माणसाचा यायचा, आणि तो मात्र भरपूर यायचा.

परीक्षा नेटवर्किंगची. लेखी पेपर काही नाही. बंगळूरला जायचं, आठ तास एका कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि त्यात दिलेली वीस-पंचवीस ऑफिसं एकमेकांशी बोलती करायची. मग त्यांनी मुद्दाम करून ठेवलेले बिघाड शोधायचे. शेवटी एक प्रोग्रॅम तुमचं काम तपासतो आणि सांगतो, पास की नापास. मधलं काही नाही. ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास होणारे फार थोडे, आणि चार वेळा देऊनही न होणारे, माझ्या तेव्हाच्या मते, ठार मठ्ठ.

मी कामणच्या एका गोदामात नेटवर्क सांभाळायचो. कंपनी मालवाहतुकीची. तिचं कामणचं आणि भिवंडीचं ऑफिस एक होणार होतं. नेटवर्कवाले आम्ही दोघे, एक मी आणि एक भिवंडीचा, आणि जागा एक. मॅनेजरने दोघांना समोर बसवून सांगितलं की सहा महिन्यांत जो हे सर्टिफिकेट आणेल तो राहील. कंपनी एकदाच पाठवणार होती. घरी बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आई, बायको आणि नुकती रांगायला लागलेली मुलगी. दुसरी संधी मिळेल असं धरून चालायची माझी ऐपत नव्हती.

आधी मी अंधेरीतल्या एका चकचकीत क्लासला जाऊन आलो. तिथे एसी होता, टाय लावलेला माणूस होता आणि पडद्यावर मशिनींची सुरेख चित्रं होती. खरं मशीन कुठे आहे असं विचारल्यावर तो टायवाला अशा नजरेने बघू लागला, जणू मी हॉटेलात जाऊन गाय दाखवा म्हणालो. शेवटी आमच्या गोदामाच्या इलेक्ट्रिशियननेच सांगितलं, चिंचोटीच्या अलीकडे एक माणूस आहे, त्याच्या घरात खरी चौदा मशिनं आहेत. म्हणाला, "पास मात्र तो स्वतः होत नाय हां." इलेक्ट्रिशियनच्या तोंडून ही शिफारस ऐकून मी तिथे पोचलो, यावरून माझी अवस्था कळावी.

घर म्हणजे खाडीच्या बाजूच्या शेतकऱ्याचं जुनं कौलारू घर. ज्या पडवीत पूर्वी भाताची पोती रचायची तिथे आता रॅक. भंगारातून आणलेली, मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेली राउटर आणि स्विच. सगळी सुरू केली की भाताच्या गिरणीत बसल्यासारखं वाटायचं. मशिनींच्या मागून गरम हवा यायची, तिथे काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, स्टूलवर परात मांडून पापड वाळत घातलेले असत. पावसाळ्यात तर ती जागा त्यांची हक्काचीच होती. एकदा एका मशिनीचा पंखा बंद पडला तर सरांच्या आधी काकूंना कळलं, कारण त्या बाजूचे पापड ओलसर राहिले. जागतिक दर्जाच्या परीक्षेची तयारी मी अशा ठिकाणी करत होतो. ऑफिसात कुणी विचारलं तर मी 'ऑनलाइन' म्हणायचो.

सरांनी पंचवीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा ओढल्या होत्या. पुढे तारांचं काम कमी झालं, तेव्हा खात्यातल्या तरुण इंजिनियरांच्या मागे उभं राहून ते हे सगळं शिकले. इंग्रजी वाचायचे बोट ठेवून. नेटवर्कमधून जाणाऱ्या माहितीला ते सरळ 'पानी' म्हणायचे. "हितून पानी सोडलं, तिकडं पोचलं का?" असं ते विचारत आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारत असे. माझ्यासारखा डिग्री घेतलेला माणूस या गृहस्थाकडून पाणी सोडायला शिकत होता. मला ते 'इंजिनेर' म्हणत. त्यात कौतुकाचा अंशही नव्हता.

त्यांची पहिली सवय कागदाची. पहिला एक तास कीबोर्डला हात लावायचा नाही. मोठ्या कागदावर सगळी ऑफिसं काढायची, मग निळ्या पेनाने प्रत्येक ठिकाणाहून माहिती कुठून कशी जाते ते बाण काढायचे, आणि मग लाल पेनाने उत्तर कुठून परत येतं ते बाण. निळं सगळेच काढायचे. लालचा कंटाळा यायचा, कारण पुष्कळदा ती वाट तीच असते. सर कागद उचलून फक्त लाल रेघा मोजायचे. एक जरी कमी असली तर कागद परत. आठ तासांच्या परीक्षेत एक तास चित्रकलेत घालवणारा माणूस नापास होणार नाही तर काय होईल, असं मी त्या दोन भोळ्यांना चहा पिताना सांगितलंही होतं.

दुसरी सवय त्याहून दुष्ट. आम्ही चहाला बाहेर ओट्यावर आलो की ते आत जाऊन काहीतरी बिघडवून ठेवत. एखादी तार अर्धवट बाहेर ओढलेली, एखादा आकडा बदललेला. आम्ही परत आलो की स्वतः भिंतीला टेकून उभे राहणार आणि म्हणणार, "आता बघा." एवढंच. मदत नाही, इशारा नाही. मी एकदा पावणेदोन तास शोधत होतो. ते तेवढा वेळ काकूंबरोबर वालाच्या शेंगा सोलत बसले. सापडल्यावर शाबासकीही नाही. "इतका वेळ लागला तर गिऱ्हाईक तोवर मेलं" असं म्हणून त्यांनी सालं उचलली.

आमच्यात नालासोपाऱ्याचा एक जण यायचा. त्याने कुठून तरी परीक्षेचे तयार प्रश्न आणि तयार उत्तरं मिळवली होती आणि तो ती सकाळ-संध्याकाळ पाठ करायचा. सरांनी त्याला एक आकडा बदलून तोच प्रश्न घातला आणि तो पडवीत तसाच बसून राहिला. सरांनी त्याला दार दाखवलं. म्हणाले, "तू देवळात जा, तिथं पाठांतर चालतं." मी मोठ्याने हसलो. माझ्या बॅगेत त्याच प्रश्नांची फाइल पेन ड्राइव्हवर होती, हे मी अर्थातच सांगितलं नाही.

लाल पेनाचा माझा कंटाळा बघून एका रविवारी ते मला आपल्या शेताकडे घेऊन गेले. मी ऑफिसचे बूट घातलेले. खाजणाचा, म्हणजे खाडीलगतच्या खारजमिनीचा बांध, त्यात पाणी सोडायची लाकडी झडपेची उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी झडप ढकलून खाडीत जातं, भरतीला तेच पाणी झडप दाबून बंद करतं आणि खारं पाणी आत येत नाही. सरांनी मला तिथे तासभर उभं केलं. पाणी बाहेर जाताना दिसलं, मग भरती लागली तशी झडप आपोआप मिटताना दिसली. ते म्हणाले, "गेलेलं सगळ्यांना दिसतं, इंजिनेर. परत आलं का, आनि कुठनं आलं, ते बघनारा मानूस पायजे." माझे बूट घोट्यापर्यंत चिखलात होते. एवढी साधी गोष्ट सांगायला मला इथवर आणायची गरज नव्हती, असं मला वाटलं. ते बूट मी टाकून दिले.

परीक्षेला महिनाभर उरला होता तेव्हा मी त्यांना विचारलं की तुम्ही नेमके कुठे अडता. विचारण्यात नम्रता नव्हती. मला त्यांच्या चुका टाळायच्या होत्या, बस. त्यांनी पहिले तीन कागद दाखवून सरळ सांगितलं की तेव्हा येत नव्हतं. पहिल्या वेळी इंग्रजी कळलं नाही, दुसऱ्या वेळी वेळ पुरला नाही, तिसऱ्या वेळी बिघाड सापडले नाहीत. चौथ्या कागदाची गोष्ट वेगळी होती.

चौथ्या वेळी त्यांचं सगळं काम सात तासांत झालं होतं. सगळी ऑफिसं बोलत होती. मग ते लाल रेघा तपासायला बसले आणि त्यांना दिसलं की एका ऑफिसचं उत्तर मुख्य वाटेने न येता राखीव लाइनवरून फिरून येतंय. प्रश्नात त्याबद्दल काही मागितलेलं नव्हतं. तपासणाऱ्या प्रोग्रॅमला ते दिसणारही नव्हतं. उत्तर येतंय एवढंच तो बघणार. सरांनी ते दुरुस्त करायला घेतलं. एक गाठ सोडवताना दुसऱ्या दोन सुटल्या, आणि वेळ संपला तेव्हा निम्मं नेटवर्क बंद पडलेलं होतं.

"तसंच सोडलं असतं तर पास होता तुम्ही," मी म्हणालो.

"चालत होतं," सर म्हणाले, "पन बरोबर नव्हतं. उद्या कोनी ती राखीव लाइन काढली असती तर?"

ते परीक्षेतलं नेटवर्क होतं. संध्याकाळी पुसून टाकतात. त्याची राखीव लाइन काढायला जगात कुणीही येणार नव्हतं. हे मी त्यांना समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पापडांची परात उन्हात हलवायला गेले. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, हा माणूस नापास नाही, हा मूर्ख आहे. नापास माणूस निदान सुधारू शकतो.

मी बंगळूरला गेलो. पहिला तास कागद. शेजारची माणसं टकाटक टाइप करत होती आणि मी निळे-लाल बाण काढत होतो. दुपारपर्यंत त्यातले दोघे डोक्याला हात लावून बसले, माझं काम मात्र रेघेवरून रेघ सरकत होतं. बिघाड तर मला घरचे वाटले. चहाला जाऊन आल्यावर सरांनी केलेले असावेत, असे. हे मी त्या वेळी कबूल केलं नसतं, पण त्या खोलीत माझ्या डोक्यात जे काही होतं ते सगळं त्या पडवीतलं होतं. टायवाल्याचं एक वाक्यही आठवलं नाही.

चाळीस मिनिटं उरली होती. सगळं चालत होतं. सवयीने मी लाल रेघा मोजल्या आणि एक कमी भरली. तपासलं, तर एका ऑफिसचं उत्तर राखीव लाइनवरून फिरून येत होतं. प्रश्नात त्याबद्दल काही मागितलेलं नव्हतं. माझे हात कीबोर्डवर होते. मला तो चौथा कागद दिसला, प्लास्टिकच्या पिशवीतला. मी हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवून चाळीस मिनिटं तसाच बसून राहिलो.

मी पास झालो. भिवंडीच्या माणसाला दुसरीकडे जावं लागलं. सरांमुळे पास झालो असं म्हणायचं तर ते दोन्ही अर्थांनी खरं होतं: त्यांनी शिकवलं त्यामुळे, आणि ते जिथे बुडाले तिथे मी पाय ठेवला नाही त्यामुळे. लिंक्डइनवर मी लांबलचक आभार मानले. मॅनेजरचे, टीमचे, कुटुंबाचे. खाली दोनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांचं नाव घातलं नाही, कारण मग लोकांनी विचारलं असतं, हे कोण, यांच्याकडे कोणतं सर्टिफिकेट आहे.

पेढे मात्र घेऊन गेलो. सरांनी पेपरात काय आलं ते विचारलं नाही. बाहेर सांगायची मनाई असते, तो नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. त्यांनी एकच विचारलं.

"लाल रेघा सगळ्या बरोबर होत्या?"

मी पेढ्यांचा बॉक्स उघडत होतो. म्हणालो, "हो सर."

त्यांनी पेढा घेतला, काकूंना हाक मारली आणि सांगितलं की आपल्याकडचा पयला पास. मग हातोडी आणून चार कागदांच्या शेजारी, त्याच रेषेत, पाचवा खिळा ठोकला. सर्टिफिकेटची झेरॉक्स आणून दे म्हणाले. मी आणतो म्हणालो. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी तीनदा मेसेज करून आठवण दिली, आणि प्रत्येक वेळी मी अंगठा पाठवला. झेरॉक्स काढायला बोळिंजच्या नाक्यावर पाच मिनिटं लागतात. पण ते घर, तो चिखल, ती परात, तो खुळा माणूस, या सगळ्यांतून आपण सुटलो असं मला वाटत होतं आणि सुटलेल्या ठिकाणी माझा कागद टांगलेला मला नको होता. खरं कारण याहून वाईट होतं, ते मला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी सर गेले. पाचव्यांदा परीक्षेला बसायची तयारी चालली होती म्हणे. शेतावरून आले, छातीत दुखतंय म्हणाले, वसईच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं. मला दहाव्याच्या दिवशी कळलं. गेलो तर पडवीत मशिनं बंद होती, आणि ती जागा एवढी शांत मी कधीच बघितली नव्हती. भिंतीवर चार कागद आणि पाचवा खिळा. रॅकवर एक मोठा कागद पसरलेला, निळं-लाल सगळं पूर्ण.

काकूंनी चहा दिला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो की सर फार कडक होते, पण त्यांच्यामुळे माझी नोकरी राहिली. काकू म्हणाल्या, "तुझ्यावर कडक नव्हते रे. तू पेढे घेऊन आलास ना, त्या दिवशीच मला म्हनाले, इंजिनेर खोटं बोलला. माझ्याकडं न बघता हो म्हनाला. कुठंतरी तसंच सोडून आलाय."

मी कप खाली ठेवला. मी विचारलं, मग रागावले नाहीत?

"नाय. म्हनाले, बरं केलं. त्याला बारकी पोर हाय, त्याला पास व्हायलाच पायजे होतं. मला काय, माझं शेत हाय, मला नापास व्हायला परवडतं." मग त्यांनी भिंतीकडे बघून विचारलं, तो तुझा कागद आणलायस का, ते वाट बघत होते.

मी इतकी वर्षं ज्या माणसाला मूर्ख म्हणत आलो, त्याने मला पेढ्यांच्या दिवशीच ओळखलं होतं, आणि वर माझ्यासाठी खिळा ठोकला होता. एवढा तुच्छ मी स्वतःला दुसऱ्या कुणाच्याही घरात कधी वाटलो नव्हतो.

आता मी कामणच्या ऑफिसात मुख्य आहे. हाताखाली चार जण आहेत, चौघेही हुशार, चौघांनाही लालचा कंटाळा. मी त्यांचे कागद परत करतो. मागच्या महिन्यात सगळं सुरळीत चालू असताना मी अर्धा दिवस एक वाट सरळ करण्यात घालवला, तेव्हा मॅनेजर म्हणाला, चालतंय ना, मग कशाला हात लावता. मी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर माझी नव्हती. चौघे माझ्या पाठीमागे मला काहीतरी म्हणत असतील. म्हणोत.

झेरॉक्स मी काढली आहे. बॅगेत असते, सरांसारखीच प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. चिंचोटीच्या रस्त्याने दोनदा त्या घरापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा परत आलो. खिळा अजून रिकामाच आहे. त्या चार कागदांवर जे लिहिलंय ते खरं आहे, आणि त्यांच्या रांगेत माझा कागद लावायची माझी हिंमत होत नाही.